शून्याच्या शेजारची फरशी

माझ्या हातचा आठ चांगला येतो. ब्रश एकदा टेकवला की न उचलता खाली आणायचा, पोटात थोडा दाबायचा आणि शेपूट हलकं सोडून द्यायचं. पाचाला मात्र ब्रश उचलावा लागतो. असे आकडे मी होड्यांवर काढले, दुकानांच्या पाट्यांवर काढले, आता शाळांच्या भिंतींवर काढतो. पण आकडे काढणं वेगळं आणि ते करणं वेगळं. सहावीत दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा दप्तर खुंटीला अडकवलं, ते पुन्हा खाली काढलंच नाही. थोरल्या भावाचा हात मोडला होता आणि होड्या रंगवायच्या कामावर घरातलं एक माणूस हवं होतं. कोणी सक्ती केली नाही, मीच गेलो. खरं सांगायचं तर गणिताचा तास सुटला म्हणून खूश होतो.

गाव माझं समुद्रकाठचं. हिंगोली जिल्ह्यातून तिथं पोचायला दोन दिवस आणि तीन गाड्या लागतात. होड्यांची कामं कमी झाली तसा ओळखीतून एका ठेकेदाराकडे लागलो. तो शाळा रंगवून द्यायची कामं घेतो. भिंतीवर बाराखडी, पाढे, फळं, प्राणी, सूर्यमाला, महाराष्ट्राचा नकाशा. आम्ही तीन-चार पेंटर, प्रत्येकाला वेगळी शाळा. काम संपलं की मुख्याध्यापकांनी एका कागदावर लिहून द्यायचं की काम नीट झालं, तक्रार नाही. तो कागद दाखवला की पुढची शाळा मिळते. तक्रार आली की घरी. एकाला ठेकेदाराने माझ्यासमोर घरी पाठवलं होतं, कारण त्याच्या इंद्रधनुष्यात सहाच रंग निघाले. तेव्हापासून मी प्रत्येक भिंत झाल्यावर तीनदा मोजतो. ग्रहसुद्धा मोजतो. अंथरुणावर पडल्यावर मनात पुन्हा एकदा मोजतो.

ज्या शाळेची ही गोष्ट आहे ती शिरड शहापूरच्या बाजूला एका लहान गावात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. सोयाबीन निघून गेलं होतं, कापसाची वेचणी चालू होती आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळदीची पानं माणसाच्या कमरेच्या वर आली होती. शाळेच्या एका रिकाम्या खोलीत मी पथारी टाकली. दुपारी खिचडी शिजवणाऱ्या मावशी मलाही ताट वाढायच्या. सकाळी कोणाच्या तरी घरून भाकरी-ठेचा यायचा. मी भातावर वाढलेला माणूस. पहिले काही दिवस ज्वारीची भाकरी पाण्याबरोबर ढकलली, मग तिचीच वाट बघायला लागलो. पोरं मला मामा म्हणायची. माझं बोलणं त्यांना गमतीचं वाटायचं. मी "ब्रश खंय ठेवलास?" म्हटलं की दिवसभर शाळेत सगळे एकमेकांना "खंय, खंय" करत फिरायचे.

सहावीला गणित शिकवणाऱ्या मॅडम कळमनुरीकडच्या. रोज स्कूटीवर यायच्या. आवाज मोठा नाही, वर्गात हातात छडी नाही, आणि तरी त्यांच्या तासाला व्हरांड्यात चिमणी आली तरी ऐकू यायची. मी शिडीवरून हे बघायचो आणि मला माझ्या जुन्या गणिताच्या तासाची आठवण यायची, जिथं सगळा आवाज छडीचा असायचा.

शाळेच्या व्हरांड्याच्या उजव्या टोकाला कडूलिंबाचं झाड होतं आणि डाव्या टोकाला पाण्याचा हापसा. एका शनिवारी शाळा सुटताना मॅडम शिडीपाशी आल्या.

"दादा, एक काम सांगू का? तुमच्या यादीत न्हाई ते. या वऱ्हांड्यात एक रेष काढून द्याल?"

"भिंतीवर?"

"न्हाई, खाली. पोरायला तिच्यावर चालायचंय. शहाबादी फरशी हायेच, एका फरशीला एक आकडा. एकवीस फरश्या धरा. मधात शून्य. लिंबाच्या बाजूला, उजवीकडं, दहा आकडे अधिकचे. हापशाच्या बाजूला, डावीकडं, दहा आकडे उणेचे. उणेच्या आकड्याला पुढं आडवी रेघ द्यायची. जमंल?"

मी मान हलवली. जमण्यासारखंच होतं. आणि अशी एक रेषा मी आधी काढलीही होती. दिवाळीच्या सुट्टीत सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या भिंतीवर, तिथल्या सरांनी फोनवर सांगितली तशी. शाळा बंद होती. सर एकदा येऊन अंगणातूनच बघून गेले, छान झालंय म्हणाले आणि कागद दिला. कागद मिळाला म्हणजे बरोबर असणार, असा माझा हिशोब. उणे आकडे म्हणजे नक्की काय, हे मी त्यांना विचारलं नव्हतं आणि मॅडमनाही विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्या अर्धवट सुटलेल्या सहावीची गोष्ट निघाली असती.

रविवारी दिवसभर बसून रेषा काढली. आधी फरश्या धुतल्या, खडूचा दोरा मारून घेतला, प्रत्येक फरशीच्या मधोमध पांढरा चौकोन. उणेचे आकडे तांबडे, अधिकचे निळे, शून्य पिवळं. पाटी रंगवणाऱ्याचा हात डावीकडून सुरू होतो, ती आमची सवयच. डावीकडच्या काठापासून जागा धरायची, म्हणजे शेवटचं अक्षर बाहेर पडत नाही. तसं हापशाकडच्या पहिल्या फरशीवर उणे एक काढला, दुसरीवर उणे दोन, असं करत दहाव्या फरशीवर उणे दहा. अकराव्या फरशीवर शून्य. मग एक ते दहा, लिंबापर्यंत. मोजले, एकवीस. पुन्हा मोजले, एकवीस. दोन्हीकडचे आठ तर असे उतरले होते की मी उठून लांबून बघितले. रंगावर कुत्री चालू नयेत म्हणून वाळल्यावर वर पोती अंथरली आणि निवांत झालो.

सोमवारी मॅडमनी पोरांसमोर ती पोती उचलली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी पहिली गोष्ट काय केली, तर स्वतःच्या चपला काढून बाजूला ठेवल्या. "मेहनत हाये माणसाची," एवढंच म्हणाल्या. मग सगळ्या वर्गाच्या चपला भिंतीला लागल्या. मी बाहेरच्या भिंतीवर शिडीवर होतो, नकाशात हिंगोली जिल्हा हिरवा करत होतो. तीस वर्षं रंगवतोय, पण माझ्या रंगावर पाय ठेवायच्या आधी चपला काढणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

मग त्यांनी चालायचे नियम सांगितले. दोनच. "मिळवा म्हणलं की तोंड लिंबाकडं. वजा म्हणलं की तोंड हापशाकडं. हा झाला एक. आता आकडा अधिकचा असला तर तोंड हाये तिकडं पुढं चालायचं, अन् आकडा उणेचा असला तर तोंड न फिरवता माघं चालायचं, पाठीकडं. हा दुसरा. बास. कोण येतं?"

"मी!" सगळ्यात उंच पोरगं पुढे आलं. ते सगळ्यालाच 'मी' म्हणायचं, प्रश्न ऐकायच्या आधी.

"शून्यावर उभा राय. शून्यातून एक वजा कर. तोंड कुठं?"

"हापशाकडं!" सगळा वर्ग ओरडला.

"चाल."

त्याने एक पाऊल टाकलं, खाली बघितलं आणि तिथंच थबकलं. "मॅडम, मी तर डायरेक उणे दहावर आलो. एका पावलात!"

"काळी-पिवळी जीप धरली काय रे?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

माझा ब्रश भिंतीलाच टेकून राहिला. काय चुकलं ते मला कळलं नव्हतं, पण चुकलंय एवढं कळलं. मॅडमनी रेषेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. त्यांना एका क्षणात समजलं, ते त्यांच्या तोंडावर मला दिसलं. आता त्या वर बघतील, असं वाटलं. मग हेडसर येतील, मग कागदावर तक्रार लिहितील, मग ठेकेदाराचा फोन. माझ्या डोक्यात मी दोन दिवसांच्या तीन गाड्यांमधल्या पहिल्या गाडीत बसलोही होतो.

मॅडमनी वर बघितलंच नाही.

"थांब तिथंच," त्या पोराला म्हणाल्या. "लेकरायनो, एक कायतरी चुकलंय. एक तर आपलं चालणं चुकलं, न्हाईतर रेष चुकली. ठरवा. घाई न्हाई."

गलका झाला. त्यातून एक बुटकं, गोल चेहऱ्याचं पोरगं उभं राहिलं. "रेष बराबर हाय मॅडम."

"काहून?"

"दहा एकापेक्षा मोठा हाय. मंग मोठाच पायजे ना शून्याजवळ, तिकडून पुढं अजून मोठे सुरू होऊन राहिले. अन् उणे म्हणजे तुमीच सांगितलं, जमिनीच्या खाली. आमची इहीर साठ फूट हाय, काकाची चाळीस. आमची मोठी. जितकं खाली जाल तितकं मोठं."

"व्हय मॅडम, बराबर हाय!" अर्धा वर्ग त्याच्या बाजूने झाला. त्या गावात विहिरीचं सगळ्यांनाच कळतं. कोणाची किती खोल, ते पोरांना पाढ्यासारखं पाठ. खोल ती मोठी, यात वाद घालणार कोण? मलाही ते पटलं. शिडीवर मी मनात म्हटलं, वाचलो.

मॅडम त्याला चूक म्हणाल्या नाहीत. हे मी नंतरच्या दिवसांत पुन्हा पुन्हा बघितलं. 'चूक' हा शब्द त्या कुठल्याच माणसाला लावायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं. तुह्या इहिरीत बादली सोडू. हं, दोर धर." पोराने हवेतला दोर दोन्ही हातांनी धरला. "काठावर, जमिनीला, कोणता आकडा?"

"शून्य."

"सोड दोर. बादली खाली चालली. आधी कोणता फूट लागंल?"

"एक."

"मंग?"

"दोन. तीन. चार…" बोलता बोलता त्याचे हात हळू झाले.

"दहावा फूट कवा लागंल?"

"नऊ झाल्यावर."

"मंग जमिनीच्या शेजारी कोण राहतं?"

पोराने हवेतला दोर पुन्हा वर ओढून बघितला. मी खूप माणसं प्रश्न विचारताना बघितली आहेत. विचारतात आणि लगेच उत्तरही देऊन टाकतात, नाहीतर ओरडतात. मॅडम थांबायच्या. हात मागे बांधून, पोरांच्या तोंडाकडे न बघता, कुठेतरी लिंबाच्या शेंड्याकडे बघत थांबायच्या, म्हणजे पोरांना वाटायचं की आपल्याकडे दिवसभर वेळ आहे. हापशावर कोणीतरी कळशी भरत होतं. ती भरून झाली, तरी मॅडम थांबलेल्या.

"एक," मागून आवाज आला. लाल रिबनच्या दोन वेण्या घातलेली पोरगी. ती रोज तांड्यावरून चालत यायची आणि कधी बोलताना मी ऐकली नव्हती. "जमिनीच्या शेजारी एक राहतो मॅडम. इहीर खोल हाय म्हणून मोठी हाय, ते बराबर हाय. पर खोल गेलेलं वर नसतं ना. उणे दहा लई खाली हाय. उणे एक त्याच्या वर हाय. मंग उणे एकच जास्त."

"थांब माय," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा एकदा सांग. मला लिहून घेऊ दे." आणि त्यांनी खरंच खडू घेतला आणि तिचं वाक्य व्हरांड्याच्या फळ्यावर लिहिलं, तिच्याच शब्दांत. खोल गेलेलं वर नसतं. पुढे मी तिथं होतो तेवढे दिवस ते वाक्य कोणी पुसलं नाही.

उंच पोरगं अजून उणे दहावर उभंच होतं. "म्हणजे रेष चुकली!" ते ओरडलं आणि थेट माझ्याकडे बघून म्हणालं, "ओ मामा, तुमी शाळेत गेलते का न्हाई?"

"मामा अंगठाबहाद्दर!" दुसऱ्याने जोड दिली. हशा पिकला.

मॅडम पोरावर ओरडल्या नाहीत. "आत्ता इहिरीच्या वेळंला तू काय म्हणत होता?" त्यांनी उंच पोराला विचारलं.

"…रेष बराबर हाय म्हणत होतो."

"मंग तू अन् मामा एकाच बाकावर बसा." आता हशा त्याच्यावर फिरला, आणि तो स्वतःही हसला. मग मॅडमनी पहिल्यांदा वर माझ्याकडे बघितलं. "दादा, जरा खाली येता का? होडीवर ती पाण्याची रेघ कशी आखता, परवा मावशीला सांगत होते तुमी. ते पोरायला सांगा."

मी उतरलो. पोरांसमोर उभा राहून आधी तेच बोललो जे इतके दिवस पोटात होतं. "माझी शाळा सहावीतच सुटली. हे उणेचं मी शिकलेलो नाही."

कोणी हसलं नाही. ही पोरंही सहावीतलीच होती.

मग होडीचं सांगितलं. त्यांच्यातल्या कोणीच समुद्र बघितला नव्हता, म्हणून जमिनीवर खडूने होडी काढून दाखवली. होडी पाण्यात कुठवर बुडणार ती रेघ सगळ्यात आधी मारायची. तिच्या खालचा रंग वेगळा, वरचा वेगळा. नाव लिहायचं तर रेघेपासून वर दोन वीत. खालची पट्टी रेघेपासून खाली एक वीत.

"म्हणजे मोजायला सुरुवात कुठून?" मॅडमनी विचारलं.

"रेघेपासून."

"वर मोजताना?"

"रेघेपासून."

"अन् खाली मोजताना?"

"तेही रेघेप…" बोललो आणि स्वतःचंच ऐकलं. समोर माझ्या हातची एकवीस फरश्यांची रेषा होती, मधे पिवळं शून्य. आयुष्यभर मी पाण्याच्या रेघेपासून दोन्हीकडे मोजत आलो. इथं उणेचे आकडे मात्र होडीच्या बुडापासून मोजत वर आणले होते.

"ही पाण्याची रेघ," मी शून्याकडे बोट केलं. "उणे एक इथं पायजे होता. शून्याच्या शेजारच्या फरशीवर."

"मामाला आलं!" बुटकं पोरगं म्हणालं, आणि त्याच्या आवाजात असा आनंद होता की जणू त्यानेच मला शिकवलं. एका अर्थी त्यानेच.

हेडसर आवाज ऐकून बाहेर आले. चांगला माणूस, पण कागदाचा. "काय झालं? रेष चुकली म्हणे. वर कळवावं लागंल का?"

मॅडम म्हणाल्या, "सर, पोरांनी शोधली चूक. मी पाटीवर चार दिवस शिकवलं असतं तरी इतकं पक्कं झालं नसतं. आता दुरुस्ती करून राहिलो आमी." हेडसरांनी रेषा बघितली, फळ्यावरचं वाक्य बघितलं आणि आत गेले.

दुपारनंतर पोरांनी माझ्याबरोबर बसून तांबडे आकडे टर्पेंटाइनने पुसले. मी पांढरा हात मारला, मग नवे आकडे. या वेळी शून्याला पाठ टेकवून सुरुवात केली आणि हापशाकडे सरकत गेलो. प्रत्येक आकडा काढायच्या आधी एक पोरगं मोठ्याने सांगायचं. दहा आकड्यांना दहा मास्तर.

पुढचे तीन-चार दिवस नकाशा अर्धा सोडून मी त्या तासाला खाली बसायचो, रंग ढवळण्याचं निमित्त करून. उंच पोराला मोठ्या भावाने 'मायनस मायनस प्लस' असा मंत्र शिकवलेला होता. उणे दोनातून तीन वजा, असं मॅडमनी सांगितलं की ते लगेच "पाच!" म्हणायचं. मॅडम म्हणायच्या, "तोंडाला नको इचारू, पायाला इचार." ते उणे दोनावर उभं राहायचं, तोंड हापशाकडे, तीन पावलं पुढे, आणि उणे पाचावर पोचून कपाळाला हात लावायचं. तो मंत्र मॅडमनी कोणालाही फळ्यावर लिहू दिला नाही. पायांना कळल्यावर तोंडाला आपोआप कळेल, म्हणाल्या. चुकलेल्या प्रत्येक पोराला त्या एकच विचारायच्या, "कुठं उभा होता तू?" आणि पोरगं परत जिथून निघालं तिथं जाऊन उभं राहायचं. इतकं साधं. पण मला सहावीत कोणी असं विचारलं असतं तर, असं मनात यायचं आणि मग मी डबा जोरात ढवळायचो.

एक गोष्ट मात्र आतून टोचत होती. सेनगावकडची ती भिंत. तिथंही उणेचे आकडे मी तसेच काढले होते, बुडापासून. कागद मिळालेला, काम पुरं झालेलं. गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं असतं? आणि तिथं जाऊन सांगितलं तर ती तक्रारच झाली, मीच माझ्याविरुद्ध आणलेली.

शुक्रवारी शाळा सुटली. मला वाटलं सगळे गेले. मी चपला काढल्या आणि तीनावर उभा राहिलो. तीनातून उणे दोन वजा. वजा, म्हणून तोंड हापशाकडे. उणे दोन, म्हणून पाठीकडे दोन पावलं. एक. दोन.

"कुठं चालले दादा?" मॅडम दारात, हातात वह्यांचा गठ्ठा.

"तीनातून उणे दोन वजा करायला."

"पोचले का?"

"पाचावर."

"बराबर." त्या हसल्या. वजा करूनही आकडा कसा वाढतो, हे मला तोवर कोणी सांगितलं असतं तर मी जादू समजलो असतो. आता माझ्या टाचांना ते माहीत होतं. ती पाच नंबरची निळी फरशी संध्याकाळच्या उन्हाने कोमट झाली होती. मी तिच्यावरून हललो नाही आणि तिथूनच सेनगावकडच्या भिंतीचं सांगून टाकलं. ठेकेदाराचं, कागदाचं, सगळं.

मॅडमनी वह्या खाली ठेवल्या. "तिथं कुणी बघितलं न्हाई?"

"सुट्टी होती. आता भरली असेल शाळा."

"सहावीला हा धडा येईल तिथं. आठ-पंधरा दिवसांत." मग त्यांनी हात मागे बांधले आणि लिंबाच्या शेंड्याकडे बघत उभ्या राहिल्या.

ते थांबणं मी ओळखलं. मनात हसूही आलं. "जाऊन येतो," मी म्हणालो.

"उद्याच जा," मॅडम म्हणाल्या. "शनिवारी सकाळची शाळा असते. लवकर निघा."

पहिल्या एसटीने औंढा, तिथून हिंगोली. हिंगोलीच्या स्टँडवर ठेकेदाराला फोन लावला, कारण आधी त्याला सांगितलं नसतं तर हिंमत टिकली नसती. तो चांगला पाच मिनिटं बोलला. त्यातलं इथं लिहिण्यासारखं थोडंच. शेवटी म्हणाला, "रंग तुझा, दिवस तुझा, गाडीभाडं तुझं. आणि ऐक, आखाडा बाळापूरची शाळा घेतलीय, पुढच्या आठवड्यात तिकडं जायचंय. तिथं असला घोळ नको." मी फोन ठेवून तिथंच बाकावर बसलो. पुढची शाळा म्हणाला होता. म्हणजे घरी नाही. सेनगावची गाडी लागली तेव्हा मला कोणीतरी हाक मारून सांगावं लागलं.

सेनगावहून जीपने त्या गावात पोचलो तेव्हा शाळा सुटायला तासभर होता. सरांना दाखवलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मी तर लांबूनच बघितलं हो. बरं झालं आले तुमी. सोमवारीच धडा सुरू करणार होतो. करा दुरुस्त."

मी डबा उघडणार होतो. भिंतीपाशी सहावीची पोरं मधल्या सुट्टीतली शेंगांची टरफलं झाडत होती. काय वाटलं कोणास ठाऊक, मी सरांना विचारलं, "पाच मिनिटं देता का मला?" त्यांनी मान हलवली.

मी पोरांना बोलावलं. "ह्या रेषेत एक चूक आहे," मी म्हणालो. "समजा ही सगळी एक विहीर आहे. शून्य म्हणजे काठ. उणेचे आकडे म्हणजे आतले फूट. बादली सोडा आणि चूक शोधा. घाई नाही."

पोरं भिंतीला चिकटली. कुजबुज चालली. मला उत्तर माहीत होतं आणि ते सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. तेव्हा कळलं की मॅडम जे करतात ते किती अवघड आहे. मी हात मागे बांधले. तिथं लिंब नव्हतं, म्हणून ध्वजाच्या खांबाच्या टोकाकडे बघत राहिलो.

एका पोरीने शून्यावर बोट ठेवलं. बोट हळूच डावीकडे सरकलं आणि उणे दहावर थांबलं. मग तिने भिंतीकडे नाही, माझ्याकडे वळून बघितलं.

"बादली काठावरून डायरेक दहाव्या फुटावर कशी जाईल?" ती म्हणाली. "मधले कुठं गेले? मामा, ही रेष कुणी काढली?"

"मीच," मी म्हणालो, आणि पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.